बिननांगरी

बसा. अहो तिथं नको, तिथं मुंग्या आहेत, इकडे सावलीला सरका. एक गोष्ट सांगतो तुम्हाला. मातीची आहे. मातीत कसली आलीय गोष्ट, असं तोंड करू नका. ऐकून उठाल तेव्हा तुमचीही कानशिलं तापलेली असतील. नाही तापली तर येऊन माझ्याशी भांडा.

दोन भाऊ होते. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नव्हतं. एक थोरला, एक धाकटा. मग त्यांच्या बायका आपोआप थोरली आणि धाकटी झाल्या. गोष्ट थोरलीची आहे.

बापानं मरायच्या आधी वाटणी केली. तुकडे दोनच. खालचा ओढ्याकडचा, सपाट, काळाभोर. वरचा उताराचा, मुरमाड, फिकट, बघूनच तोंडाला कोरड पडावी असा. धाकट्यानं खालच्यासाठी चार दिवस फुरंगटून जेवण सोडलं, आणि म्हातारा विरघळला. पण तोही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. लोहाराला साक्षीला बसवलं आणि म्हणाला, "अठरा वर्षांनी तुकडे बदलायचे. खालचं सुख एकट्यानंच भोगायचं नाही. हा माझा शब्द." कागद नाही, सही नाही, शब्द. अठराच का? तर म्हाताऱ्याला अठरापर्यंतच मोजता यायचं, असं लोहार सांगायचा. लोहाराचं सगळंच खरं धरू नका.

थोरला नांगऱ्या होता. होता म्हणजे काय, त्याचं तास, म्हणजे नांगराची रेघ, बघायला लोक वाट वाकडी करून यायचे. या बांधापासून त्या बांधापर्यंत दोरी ताणून ठेवल्यासारखं. वाटणी झाली आणि पहिल्याच उन्हाळ्यात, पहिलंच तास काढताना, नांगराचा फाळ एका मुळीत अडकला. हा उपसायला वाकला आणि कमरेत काहीतरी कट्‌ करून वाजलं. तिथंच आडवा. माणसं खाटेवर घालून घेऊन आली. दवाखाना झाला, बैल विकले गेले, आणि नांगऱ्या भिंतीकडे बघत पडून राहिला. वर्षभरानं काठी धरून चालायला लागला, पण वाकणं गेलं ते गेलंच.

इकडे त्याच साली पाऊस होऊन गेला. जमिनीला वाफसा आला. म्हणजे ना चिखल ना कोरडी, पेरायला अगदी नेमकी. हे असं चार-पाच दिवस राहतं, मग गेलं. थोरली धाकट्याच्या दारात गेली. त्यानं नवा ट्रॅक्टर घेतला होता.

धाकटा ओसरीवर दाढी करत होता. आरशातनंच बोलला, "उद्या बघू वहिनी."

उद्या गेली तर डिझेल नव्हतं. परवा गेली तर ड्रायव्हर पाहुण्याकडे गेला होता. ट्रॅक्टर मात्र अंगणात धुऊन पुसून उभा. चौथ्या दिवशी धाकटीच बाहेर आली आणि दारातूनच म्हणाली, "जाऊबाई, ट्रॅक्टर म्हणजे काय वाटीभर साखर आहे का, रोज उठून मागायला यायला?"

 थोरली तशीच वळली ती थेट लोहाराच्या भट्टीवर.

"काका, मला असं काहीतरी द्या की जमिनीत भोक पडेल."

"कशाला ग?"

"दिराच्या डोळ्यात घालायला."

"मग टोक जरा बोथट ठेवतो," लोहार म्हणाला. आणि त्यानं एका मोडक्या गाडीचा दांडा तापवून, ठोकून, टोक काढून, वर आडवी मूठ बसवून दिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच थोरली वरच्या तुकड्यात उतरली. नांगरट नाही, कुळव नाही, मागच्या मक्याची धसकटं तशीच उभी. त्यांच्या मधून दांडा रोवायचा, त्यावर पाय देऊन अंगाचा भार टाकायचा, उपसायचा. भोकात दोन दाणे. टाचेनं भोक बुजवायचं. पुढे वीतभर सरकायचं. मागून सासू टोपली घेऊन दाणे टाकत होती. एक दाणा टाकायची आणि एक शिवी घालायची. शिव्या सगळ्या धाकट्या लेकाला होत्या, त्यामुळे काम जोरात चाललं.

मुरमात दांडा आपटला की हात खांद्यापासून झिणझिणायचा. दुपारपर्यंत तळहाताला फोड आले. संध्याकाळपर्यंत ते फुटले. दुसऱ्या दिवशी चिंध्या बांधून सुरू. रस्त्यानं जाणारे थांबायचे.

"काय थोरले, शेताला टाके घालतेस काय?"

"घालतेय. इकडे ये, तुझंही तोंड शिवून देते."

वाफसा सरला तरी ती टोचत राहिली, सात दिवसांत तुकडा टोचून झाला. ती घरी आली तर नवरा भिंतीकडे तोंड करून पडलेला.

"नांगऱ्याच्या बायकोनं टोचून पेरलं," तो भिंतीला म्हणाला. "लोक काय म्हणत असतील."

"लोक म्हणतात टाके छान पडलेत. भाकरी खाणार आहेस का लोकांकडे जाऊ वाढायला?"

त्या वर्षी पीक आलं ते बघवत नव्हतं. पिवळं पडलेलं, गुडघ्याएवढं. दुसऱ्या वर्षी तेच. पण दुसऱ्या वर्षीही ती ट्रॅक्टर मागायला गेली नाही. पुन्हा त्या दारात उभं राहायचं नाही, एवढंच तिचं शेतीचं शास्त्र होतं. उपटायला मजूर परवडत नव्हता म्हणून मक्याची ताटं कापून तिथंच आडवी पाडायची, पालापाचोळा तिथंच, तण उपटलं तरी तिथंच. सगळं शेत कसं विस्कटलेलं दिसायचं. धाकटी नाक मुरडायची, "शेत आहे का उकिरडा?"

चौथ्या वर्षी दांडा रोवताना हात झिणझिणला नाही. पाचव्या वर्षी पाय द्यावा लागला नाही, नुसत्या हातानं गेला. तिनं खाली बसून आडवी ताटं बाजूला केली. खाली माती ओलसर, मऊ, काळपट, आणि गांडुळं. एवढी गांडुळं तिनं जन्मात बघितली नव्हती. तिनं मूठभर माती घरी आणली आणि नवऱ्याच्या नाकाखाली धरली. नांगऱ्यानं वास घेतला. बराच वेळ घेतला. आणि भिंतीकडचं तोंड इकडे वळलं ते कायमचं.

असं करत करत सतरा वर्षं गेली. सासू गेली. थोरलीची पाठ वाकली, गुडघे वाजायला लागले. आणि वरचा तुकडा गावात सगळ्यांत शेवटी सुकायला लागला. पावसानं ओढ दिली की सगळ्यांची पिकं माना टाकायची, हिचं उभं. खालच्या तुकड्यात धाकटा वर्षातनं तीन वेळा नांगर घालायचा, एकेक ताट वेचून काढायचा, शेत कसं आरशासारखं. आणि दरवर्षी खताची एक गोणी वाढायची.

वरच्या तुकड्यात एक मातीवाला यायचा. सरकारी प्रयोगशाळेतला माणूस, फटफटीवरून यायचा, एक नळी जमिनीत ठोकायचा, माती काढून पिशवीत भरायचा, वर चिठ्ठी लावायचा. दोन वर्षांतनं एकदा. हे बिननांगरी शेत आहे म्हणून त्याला त्याचं भारी कौतुक. खालच्या तुकड्यातलीही घ्यायचा, जोडीला.

अठराव्या वर्षी तो आला तो कागद घेऊनच. बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, मी पहिल्यांदा आलो तेव्हा तुमच्या मातीत सेंद्रिय कर्ब होता पाव टक्क्याच्या जरासा वर. आज एक टक्का. नत्र तिपटीच्या आसपास."

पलीकडे खालच्या तुकड्यात धाकटा पाईप जोडत होता. त्याचे हात थांबले.

"आणि खाली?" थोरलीनं विचारलं.

"खाली तेव्हा पाऊण टक्का होता. आज तुमचा सुरुवातीला होता तेवढाच जेमतेम. अहो, माती उलथली की आतल्या कर्बाला हवा लागते, आणि चुलीला फुंकर घातल्यासारखा तो जळून जातो. हे दरवर्षी तीनदा फुंकर घालतात. तुम्ही अठरा वर्षं फुंकली नाही, वरून पाचोळा टाकत राहिलात, म्हणून तो साठला."

पण हे कारण सुरू झालं तेवढ्यात धाकट्याचा फोन वाजला होता. तो फोन कानाला लावून चार पावलं लांब गेला होता. आणि बघा, सगळा घोळ तिथं झाला. त्यानं आकडे ऐकले. कारण ऐकलं नाही.

आठ दिवसांनी धाकटा, धाकटी आणि मधे लोहार, अशी तिघं थोरल्याच्या दारात. लोहार आता म्हातारा झाला होता, त्याला हाताला धरून आणला होता.

"दादा," धाकटा म्हणाला, "अठरा वर्षं झाली. बाबांचा शब्द आहे."

थोरलीला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि हातातलं सूप तसंच राहिलं.

"तू खालचा तुकडा सोडतोयस?" ती म्हणाली. "चार दिवस जेवला नव्हतास तू त्याच्यासाठी."

"सोडतोय ना! चांगली जमीन तुम्हाला देतोय वहिनी. ओढ्याकडची, सपाट. कागदावर पहिल्या प्रतीची आहे. आम्ही घेतो मुरमाड. भावाच्या मनात काही कपट नाही."

"मुरमाड?"

"कागदावर मुरमाडच आहे," धाकटी म्हणाली.

"कागदावर मी पण वीस वर्षांची आहे! इकडे ये, हात बघ माझे. वीस वर्षांचे आहेत का बघ!"

"आवाज चढवू नका जाऊबाई. शब्द आम्ही नाही दिला, मामंजींनी दिला."

"मामंजींनी मुरूम दिला होता मला. मुरूम! माती मी केली. अठरा वर्षं केली. मुरूम पाहिजे तर घेऊन जा, दोन पाट्या आहेत गोठ्यामागे!"

सगळे लोहाराकडे बघायला लागले. लोहार जमिनीकडे बघत होता.

"काका, बोला," धाकटा म्हणाला.

"शब्द दिला होता," लोहार म्हणाला. त्याचा आवाज भाता फाटल्यासारखा आला. "सूनबाई, तो शब्द तुझ्यासाठी दिला होता ग. तुमच्यावर अन्याय नको म्हणून. पण दिला होता, हे खरं. मी खोटं कसं बोलू?"

थोरली नवऱ्याकडे वळली. तो काठीवर हनुवटी टेकून बसला होता.

"तू बोल."

"बापाचा शब्द आहे," तो म्हणाला. "मोडता येत नाही."

त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. नवऱ्यानं डब्यातले फुटाणे खाल्ले. दोघं एकाच खोलीत बसून होती आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. मग तोच म्हणाला, "एक करता येईल. पीक निघाल्यावर ताबा द्यायचाय. त्याआधी आपणच ट्रॅक्टर सांगू भाड्यानं. उभा आडवा नांगरून टाकू सगळा. दोनदा. घे म्हणावं मग मुरूम."

मी तुम्हाला खरं सांगतो, तिच्या मनात ते आलं. एकदा नाही, दहा वेळा आलं. सकाळी ती वरच्या तुकड्यात गेली, ताटं सारून खाली बसली. मातीत बोटं घातली ती मनगटापर्यंत गेली. एक गांडूळ बोटाला वेटाळलं. ती तिथं बसून धाकट्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून आली. आणि घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "नाही. जे मी केलं त्याला मी नांगर लावणार नाही. त्याला लावायचा तर त्याच्या हातानं लावू दे."

पीक निघालं. ताबा द्यायच्या दिवशी ती बांधावर उभी होती. धाकटा आला, हसत होता. आणि ती बोलली. काय जड गेलं असेल तिला ते बोलणं, विचार करा.

"हे बघ. राग बाजूला ठेवून सांगते. नांगर घालू नकोस याच्यात. ताटं उचलू नकोस. तो दांडा पाहिजे तर देते तुला, टोचून पेर. नांगर घातलास तर हे सगळं जाईल."

धाकट्यानं तिच्याकडे बघितलं, मग ड्रायव्हरकडे बघून डोळा मारला. "कळलं वहिनी. म्हणजे मी टोचत बसू, आणि माझं पीक तुमच्या पहिल्या वर्षांसारखं गुडघ्याएवढं यावं, होय ना? काय डोकं आहे!"

त्याला वाटलं ती फसवतेय. अहो, आयुष्यभर दुसऱ्याला फसवणाऱ्याला दुसरं काय वाटणार?

मोठा नांगर आणला होता, ट्रॅक्टरमागचा, जाड फाळांचा. फाळ टेकला आणि जमीन अशी उलटली, जशी सायीची घडी उलटावी. आवाजसुद्धा नाही झाला. खालची काळी माती वर, आणि त्यात लाल लाल वळवळ. बगळे कुठून आले कोण जाणे, ट्रॅक्टरच्या मागे रांग लावून चालायला लागले. मातीचा वास रस्त्यापर्यंत आला. लोक थांबून म्हणायला लागले, "काय जमीन आहे! लोण्यासारखी!"

थोरला काठी टेकत कधी आला ते थोरलीला कळलं नाही. अठरा वर्षांत तो कधी नांगरटीच्या जवळ फिरकला नव्हता. तो सरळ तासात उतरला, ट्रॅक्टरच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि बॉनेटवर काठी हाणली.

"थांबव!"

"दादा, बाजूला हो. लागेल."

"मी नांगऱ्या आहे! मला सांगतोस? जन्मभर मी हेच केलं, मला वाटायचं जमीन खूश होते. बघ मागे वळून! बघ ती पाखरं काय खातायत! तिचं अठरा वर्षांचं खातायत रे!"

ड्रायव्हर फिदीफिदी हसला. धाकटा उतरला, भावाच्या काखेत हात घालून त्याला उचलल्यासारखं बांधावर आणून ठेवला, एखादं पोतं ठेवावं तसं. तोल जाऊन थोरला खाली बसला. काठी तासात पडली होती. पुढच्या फेरीला ती मातीखाली गेली.

थोरलीनं नवऱ्याला बगलेत धरून घरी आणलं.  घरी आल्यावर तिनं त्याच्या गुडघ्याला लागलं होतं ते धुतलं, आणि म्हणाली, "काठी नवी करू." एवढंच. पण त्या दिवसापासून ती त्याच्याशी परत नीट बोलायला लागली.

आता खरा राग यावा असा भाग पुढे आहे.

त्या वर्षी धाकट्याचं पीक आलं. कसं आलं? काळंनिळं हिरवं. पुरुषभर उंच. एकेका ताटाला दोन दोन कणसं, मुठीत मावणार नाहीत अशी. खताची गोणीही निम्मीच लागली. लोक बघायला येत होते. धाकटा बांधावर खुर्ची टाकून बसायचा. "अठरा वर्षं जमीन झोपवून ठेवली होती," तो सांगायचा. "उठवायला कुणीतरी पाहिजे होतं."

आणि खाली थोरली. पहिल्या प्रतीची जमीन! दांडा वीतभर गेला की टण्‌ करून थांबायचा. ट्रॅक्टरच्या चाकांनी आणि फाळांनी घासून घासून खाली फरशी झाली होती नुसती. पहिल्या दिवशी टोक वाकलं. लोहाराकडे गेली, त्यानं सरळ करून दिलं, पैसे घेतले नाहीत आणि तिच्या नजरेला नजरही दिली नाही. तिनं टोचत टोचत पेरलं. आता अठरा वर्षांपूर्वीचं अंग नव्हतं. एका ओळीनंतर बसावं लागायचं. थोरला नवी काठी एका हातात आणि दाण्याचा डबा दुसऱ्या हातात घेऊन मागून यायचा. वाकता येत नव्हतं, म्हणून त्यानं एक पोकळ नळी शोधून काढली. उभ्यानंच नळीतनं दाणे भोकात सोडायचा. आणि भोकं एका रेषेत नसली की कुरकुरायचा. "वाकडं गेलं. जरा डावीकडे." नांगऱ्याची खोड.

पीक आलं पिवळं, गुडघ्याएवढं.

धाकटी बांधावरनं म्हणाली, "जाऊबाई, आता तरी कळलं का? जमीन नाही, हात वाईट असतो."

थोरलीनं हातातला दांडा जमिनीत असा रोवला की तो त्या फरशीतही हातभर गेला.   गाव सगळं डोळ्यांनी बघत होतं. हिरवं तिकडे, पिवळं इकडे.

मातीवाला त्या वर्षी मुद्दाम आला. वरच्या तुकड्याकडे बघून त्यानं डोक्यावरची टोपी काढली, जसं कुणाच्या मयताला आल्यावर काढतात.

"साहेब, मला एवढं सांगा," थोरली म्हणाली. "मी चुकले का? सरळ सांगा. अठरा वर्षं मी येडीसारखी टोचत बसले का? नांगरल्यावर आलंच ना पीक!"

"ताई, ते पीक तुमचं आहे."

"काय?"

"नत्र कर्बाला धरून असतो. तुमच्या मातीत अठरा वर्षं दोन्ही साठलं. यांनी नांगरलं, हवा लागली, कर्ब जळायला लागला आणि त्यातला नत्र एकदम मोकळा झाला. पिकानं तो ओरबाडून खाल्ला. म्हणून एवढं हिरवं. घरातली बियाण्याची कणगी फोडून जेवायला बसलेत ते. पहिल्या दिवशी पोट भरणारच. अजून एक वर्ष जेवतील. फार तर दोन."

"आणि माझं पिवळं?"

"तुम्ही इथं आणून पसरलेली काडी, म्हणजे ताटं-पाचोळा, नवीन आहे, माती उपाशी आहे. काडी कुजवायला मातीतले जीव नत्र स्वतःच घेतात, पिकाला उरत नाही. वरच्या तुकड्यात सुरुवातीला हेच झालं होतं ना? दोन ओळी मका, मधे एक घेवडा घाला. घेवडा थोडा नत्र आणून देईल. आणि काडी वाढवा. जेवढी मिळेल तेवढी."

"हे तिकडे जाऊन सांगा त्यांना."

तो गेला सांगायला. धाकट्यानं त्याला खुर्ची दिली, चहा दिला, दोन कणसं भेट दिली, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "साहेब, पुस्तकं सोडा, पीक बघा."

दुसऱ्या वर्षी धाकट्याचं पीक बरं आलं. बरं म्हणजे एका ताटाला एक कणीस. त्याला वाटलं बियाणं फसवं निघालं. बियाणेवाल्याशी भांडून आला. नांगरट तिनाची चार केली. तिसऱ्या वर्षी पेरणी झाल्यावर तासभर धो धो पाऊस पडला, नंतर चार दिवस कडक ऊन. वरच्या तुकड्यावर खपली धरली, पापडासारखी. खालून कोंब धडका मारत राहिले, वाकडे झाले, तिथंच मेले. उताराचं शेत, पाणी मुरायला जागा नाही. माती धुऊन खाली ओघळली आणि बांध फोडून थोरलीच्या कडेला येऊन साचली. थोरली फावड्यानं ती माती ओढून घेत होती, तेव्हा धाकटा आला. एकटाच. हसत नव्हता.

"वहिनी."

तिचं फावडं चालूच.

"वहिनी, काहीतरी चुकलं बघा. मी काय म्हणतो, आपण परत बदलून घेऊ. तुमचा तुकडा तुम्हाला. ओढ्याकडचं आम्ही घेतो परत. झालं गेलं विसरून जाऊ."

आता खालच्या तुकड्यात काय झालं होतं, ते सांगायचं राहिलंच. तीन वर्षांत दांडा वीतभराच्या जागी हातभर जायला लागला होता. मका मांडीपर्यंत आला होता. घेवडा वेटोळी घालून मक्यावर चढला होता. अजून पिवळसरच, पण कालच्यापेक्षा आज हिरवा. धाकट्यानं ते बांधावरून रोज बघितलं होतं. त्याला आकडे तेवढे कळत होते, सांगितलं ना.

थोरलीनं फावडं टाकलं. "काका कुठंयत? घेऊन ये त्यांना. आत्ता. पाठीवर घेऊन ये नाहीतर गाडीत घालून आण. मला साक्ष पाहिजे."

लोहाराला आणलं. त्याला आता नीट दिसतही नव्हतं. थोरला काठी टेकत आला. धाकटी लांब उभी राहिली, तोंड बांधून.

"काका," थोरली म्हणाली, "मामंजींचा शब्द पुरा झाला का नाही?"

"झाला. एकदा बदलायचे होते, बदलले."

"ऐकलंस? पुरा झाला. आता शब्द नाही आणि बदलाबदली नाही. मी याच्यातनं हलणार नाही. तुझ्यासाठी मी दुसऱ्यांदा माती करून देणार नाही. मी काय तुझी गोगलगाय आहे, घर पाठीवर घेऊन या तुकड्यातनं त्या तुकड्यात फिरायला? तू खात जाशील आणि मी करत जाईन?"

"अहो, भाऊ-भाऊ आहोत आपण…"

"भाऊ तिथं बसलाय! त्याला तू पोत्यासारखा उचलून ठेवलास बांधावर!"

धाकट्यानं थोरल्याकडे बघितलं. थोरल्यानं काठी उचलली, जरा पुढे झाला. सगळ्यांना वाटलं आता हाणतो. पण तो थोरलीच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ती म्हणते तसं. माझा पण हाच शब्द."

धाकट्याचं तोंड एवढंएवढं झालं. मान खाली घालून म्हणाला, "मग मी करू काय वहिनी? वर काही उगवत नाही. खत टाकलं, चार वेळा नांगरलं. आणखी काय करू सांगा."

"काही करू नकोस," थोरली म्हणाली. "तेवढंच तर जमत नाही तुला."

आणि फावडं उचलून कामाला लागली.

तर असं आहे. धाकटा वर नांगर घालतोय अजून, नाही असं नाही. यंदा म्हणे तीनदाच घातला. थोरली खाली टोचतेय. तिचं एकच अडतं. मका अजून मांडीएवढाच, त्यामुळे त्याची काडीही तेवढीच. जमीन झाकायला पुरत नाही. उघडी राहिली की तापते, मग दोन पावलं पुढे आणि एक मागे. तिचं वय बघता हिशोब जमणारा नाही, पण ते तिच्या तोंडावर बोलायची माझी छाती नाही.

म्हणून तुम्हाला बसवून घेतलं. येताना बघितलं मी, तुमच्या खळ्यामागे ताटांचा ढीग पडलाय, भुसकट पण आहे. तुम्ही ते पेटवणार, दरसाल पेटवता. यंदा काडी लावू नका. गाडीत भरा आणि ओढ्याकडच्या बांधावर टाकून या. हाक मारू नका, थांबू नका. ती आभार मानायची नाही, उलट म्हणेल एवढंसंच आणलं? तरी टाकून या.